मिझोराममध्ये कारखाने नाहीत, हवा स्वच्छ आहे, तरी देशात सर्वांत जास्त कॅन्सर तिथेच का? म्हणजे कॅन्सर हा प्रदूषणाचा नाही, जीवनशैलीचाच आजार समजायचा का?

तुमच्या प्रश्नाचा पहिला भाग अगदी बरोबर आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र मला पटत नाही, आणि तो का पटत नाही हे जरा सविस्तर लिहितो. मी काही वर्षं एका कॅन्सर रुग्णालयाच्या नोंदणी विभागात काम केलंय. रुग्णाचा पत्ता, व्यवसाय, सवयी, कुठल्या अवयवाचा कॅन्सर, कुठली अवस्था, हे सगळं फॉर्मवर उतरवून घेणं हेच माझं काम होतं. त्या कामातून एक गोष्ट माझ्या अंगवळणी पडली. कुणी म्हणालं, "अमुक भागात कॅन्सर फार आहे," की माझा पहिला प्रश्न असतो, "कशाचा?"

कारण 'कॅन्सर' हा एक आजार नाहीच. जठराचा कॅन्सर, फुप्फुसाचा, गर्भाशयमुखाचा, मूत्राशयाचा, प्रत्येकाची वाट वेगळी. सगळ्यांची बेरीज करून एक आकडा काढला की हे कोडं सुटत नाही, आणखी गुंततं.

आता मिझोराम. राष्ट्रीय कॅन्सर नोंदणीच्या २०१२ ते २०१६ च्या आकड्यांनुसार, लोकसंख्येतल्या वयाचा फरक काढून टाकल्यावर, ऐझॉल जिल्ह्यात पुरुषांत दर लाखी २६९.४ नवे रुग्ण. दिल्लीत हाच आकडा १४७. ऐझॉलमध्ये पंच्याहत्तरीच्या आत दर चार पुरुषांमागे एकाला कॅन्सर होण्याची शक्यता. आकडा भयंकर आहेच, पण खरी गोष्ट कळते ती अवयव पाहिल्यावर. तिथे पुरुषांत जठराचा कॅन्सर देशात सर्वांत जास्त. अन्ननलिकेचाही भरपूर. आणि फुप्फुसाचा कॅन्सर पुरुषांत लाखात ३८.८, तर बायकांत ३७.९. हा शेवटचा आकडा पुन्हा वाचा. आपल्याकडे फुप्फुसाचा कॅन्सर बायकांत पुरुषांच्या मानाने बराच कमी दिसतो. तिथे जवळजवळ बरोबरीत आहे.

म्हणजे तिथल्या बायका जे श्वासातून आत घेतात, ते आपल्याकडच्या बायका घेत नाहीत. मिझोराममध्ये घरी वळलेल्या स्थानिक सिगारेटी बायकाही ओढतात. शिवाय 'तुइबुर' नावाचा प्रकार आहे: तंबाखूचा धूर नळीतून पाण्यात सोडायचा, ते पाणी बाटलीत भरून ठेवायचं आणि घोट घोट तोंडात धरून थुंकायचं. ते बाजारात उघड विकलं जातं. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात मिझोराममधल्या ५८.७ टक्के प्रौढांना कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखूची सवय होती. महाराष्ट्रात २६.६ टक्के, पंजाबात १३.४, गोव्यात ९.७. त्यात धुरावर वाळवलेलं, खारवलेलं मांस-मासे, आंबवलेली डुकराची चरबी म्हणजे 'सा-उम', आणि स्वयंपाकात वापरला जाणारा खार. मिझोराममधल्या जठराच्या कॅन्सरच्या अभ्यासांत यांतल्या बऱ्याच गोष्टींचा संबंध दिसलेला आहे. शिवाय हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जठरातला जंतू. त्याला जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने १९९४ सालीच कर्करोगकारक ठरवलंय.

"मग हे सगळं जीवनशैलीतच आलं की," असं तुम्ही म्हणाल. माझं अडतं ते नेमकं इथे. ज्या घरात आजीपासून सगळे धुराचं पाणी तोंडात धरतात, मांस टिकवायचं म्हणून ते चुलीवरच्या धुरात टांगलेलं असतं, त्या घरात जन्मलेल्या मुलीने काय निवडलं? तिच्यासाठी तो धूर म्हणजे हवा आहे आणि ते मांस म्हणजे जेवण. जीवनशैली म्हटलं की दोष रुग्णाच्या माथी जातो. मी समोर बसलेल्या बायाबापड्यांचे चेहरे पाहिलेत. आजारापेक्षा त्या आरोपाने माणसं जास्त खचतात.

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. फॉर्मवर 'व्यसन' असा रकाना असायचा. साठीच्या पुढची मावशी, नऊवारी, गालाच्या आत जखम. विचारलं, "मावशी, तंबाखू खाता?" उत्तर ठणठणीत, "छे छे, आमच्या घरात कुणालाच नाही." शेजारी बसलेला मुलगाही मान हलवणार. मग विचारायचं, "दात कशानं घासता?" "मिशरीनं." तंबाखू तव्यावर काळी होईस्तो भाजून केलेली पूड, सकाळी एकदा, दुपारी कामातून उठल्यावर, रात्री झोपताना. ओठ खाली ओढला की जिथे बोट फिरतं नेमका तिथे पांढुरका चट्टा. ती खोटं बोलत नव्हती. तिच्या आईने तिला दात घासायला शिकवलं होतं, तंबाखू खायला नाही. त्याच तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूम्रपान करणारे फक्त ३.८ टक्के आणि तोंडातला तंबाखू वापरणारे २४.४ टक्के होते. आपल्याकडे तोंडाचा कॅन्सर का, हे त्या दोन आकड्यांतच आहे.

चीनमधल्या युनान प्रांतात शुआनवेई नावाचा भाग आहे. तिथल्या बायकांत फुप्फुसाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू चीनमध्ये सर्वांत जास्त होते, आणि त्या बायका जवळपास सिगारेट ओढतच नव्हत्या. शोध घेतल्यावर कारण सापडलं ते घरात. जमिनीतल्या खड्ड्यात धुरकट दगडी कोळसा पेटवायचा, त्यावर रांधायचं, त्याचीच ऊब घ्यायची, आणि धूर बाहेर जायला वाट नाही. त्याच भागात बिनधुराचा कोळसा किंवा लाकूड जाळणाऱ्यांत हा आजार कितीतरी कमी. पुढे लोकांनी धुराडं असलेल्या चुली बसवल्या. एकवीस हजारांहून जास्त शेतकऱ्यांचा मागोवा घेऊन २००२ साली जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात धुराडं बसवलेल्या घरांत फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका पुरुषांत ४१ आणि बायकांत ४६ टक्क्यांनी कमी झालेला दिसला. माणसं तीच, स्वयंपाक तोच, फक्त धूर बाहेर गेला. याला तुम्ही काय म्हणाल, जीवनशैली की प्रदूषण? मला तर या दोन रकान्यांत तो आजार बसवताच येत नाही.

आता दुसरं टोक. तुर्कस्तानात कॅपाडोसियामध्ये करायन नावाचं गाव आहे. फुप्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर, मेसोथेलिओमा, हा इतका दुर्मीळ की एरवी वर्षाला दहा लाखांत एखाद-दुसरा माणूस सापडावा. करायन आणि आसपासच्या दोन-तीन गावांत मात्र कितीतरी मृत्यू त्यानेच होत होते. इझ्झेत्तिन बारिश या डॉक्टरांनी १९७० च्या दशकात ते जगासमोर आणलं. कारण होतं एरिओनाइट, तिथल्या ज्वालामुखीच्या दगडात असलेलं तंतुमय खनिज. त्याच दगडाची घरं. धूळ जन्मापासून छातीत. शेजारच्या एका गावात मात्र हा आजार नव्हता. करायन सोडून स्वीडनला गेलेल्या लोकांनाही तो पुढे गाठत राहिला. इथे कुणाच्या सवयीचा काडीचा संबंध नाही.

उलट अमेरिकेत आणि हवाईला गेलेल्या जपानी कुटुंबांत पुढच्या पिढ्यांमध्ये जठराचा कॅन्सर कमी होत गेला आणि मोठ्या आतड्याचा, स्तनाचा वाढला. "मिझो लोकांच्या रक्तातच असेल" असं सहज बोलणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं. अनुवंशिकतेचा वाटा असतो, पण एक-दोन पिढ्यांत रक्त बदलत नाही.

आणखी एक अडचण काळाची. चिलीतल्या अँटोफगास्ता शहराला १९५८ पासून ज्या नदीचं पाणी मिळू लागलं, त्यात आर्सेनिक होतं, लिटरमागे साधारण ८६० मायक्रोग्रॅम. आजची सुरक्षित मर्यादा १० आहे. १९७० मध्ये शुद्धीकरण केंद्र बसलं, पाणी सुधारलं. आणि मूत्राशय व फुप्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू शिगेला पोहोचले ते १९८० आणि ९० च्या दशकांत. तेव्हा कुणी नळाचं पाणी तपासलं असतं तर ते पूर्वीच्या मानाने कितीतरी सुधारलेलं निघालं असतं. म्हणून "आमच्याकडची हवा आज स्वच्छ आहे" हे वाक्य कॅन्सरच्या बाबतीत फारसं कामाचं नाही. आज दिसणारा रुग्ण वीस-तीस वर्षांपूर्वीचा हिशोब सांगत असतो.

प्रत्येक संशय खराच निघतो असंही नाही. केरळात करुनागापल्लीच्या किनाऱ्यावरच्या वाळूत मोनाझाइट आहे, त्यात थोरियम, त्यामुळे तिथे नैसर्गिक किरणोत्सर्ग नेहमीपेक्षा कितीतरी जास्त. जवळपास सत्तर हजार रहिवाशांचा सरासरी साडेदहा वर्षं मागोवा घेतला. त्या किरणोत्सर्गामुळे कॅन्सर वाढल्याचं दिसलं नाही. २००९ साली ते प्रसिद्ध झालं.

पंजाबच्या माळव्याबद्दलही बोलायला हवं, कारण प्रदूषण म्हटलं की लोकांना भटिंड्याहून बिकानेरला जाणारी 'कॅन्सर ट्रेन' आठवते. ती गाडी भरून जायची हे खरं. पण बिकानेरला उपचार स्वस्त होते आणि जवळ काहीच नव्हतं, हेही तेवढंच खरं. नंतर तिथे रीतसर नोंदणी सुरू झाली तेव्हा संगरूर आणि मानसा या ग्रामीण जिल्ह्यांचे दर चंदीगड-मोहालीपेक्षा कमी निघाले. याचा अर्थ कीटकनाशकं निर्दोष असा मी मुळीच काढत नाही. माळव्याच्या भूजलात युरेनियम आहे, आर्सेनिक आहे. ते पाणी कॅन्सरचा पुरावा येण्याची वाट न बघता सुधारलं पाहिजे. पण भरलेल्या गाडीवरून दर ठरत नाही, आणि कुठल्या अवयवाचे रुग्ण त्यात होते हे कुणी विचारत नाही.

प्रदूषणाचा वाटा नगण्य म्हणणारे एक जुना आकडा पुढे करतात. १९८१ साली रिचर्ड डॉल आणि रिचर्ड पेटो यांनी अमेरिकेतल्या कॅन्सर-मृत्यूंची वाटणी केली होती: तंबाखू ३० टक्के, आहार ३५, प्रदूषण २. दोघेही मोठे शास्त्रज्ञ, काम पायाभूत. पण ती अख्ख्या अमेरिकेची, त्या काळातली सरासरी. करायनच्या माणसाला त्या सरासरीतून काय मिळणार? बाहेरची प्रदूषित हवा कर्करोगकारक आहे हे २०१३ पासून अधिकृत आहे. तेव्हा मिझोरामचा दाखला देऊन कुठल्या कारखान्याला सुटका मिळू नये, एवढी माझी कळकळ आहे.

अमेरिकेत १९९० नंतरच्या वीस वर्षांतल्या, "आमच्या वस्तीत कॅन्सर वाढलाय" अशा तक्रारींवरून झालेल्या ४२८ तपासण्यांचा आढावा २०१२ मध्ये घेतला गेला. कारण स्पष्टपणे सापडलं ते फक्त एका ठिकाणी. ते होतं दक्षिण कॅरोलिनातलं चार्ल्सटन, जिथे जहाजबांधणीत ॲस्बेस्टॉस वापरलं जायचं, आणि आजार पुन्हा फुप्फुसाच्या आवरणाचाच. एकच अवयव, एकच दुर्मीळ प्रकार, म्हणून धागा हाती लागला. तुमच्या गावाबद्दल असा संशय असेल तर निवेदन देण्याआधी यादी करा: कुठला अवयव, वय किती, किती वर्षं तिथे राहिले, काम काय. पाच जणांना पाच वेगळे कॅन्सर असतील तर एकच कारण असण्याची शक्यता कमी. पाचही जणांना मूत्राशयाचा असेल तर विहिरीचं पाणी त्याच आठवड्यात तपासायला द्या.

शेवटी आपल्या घरचं. २०१२-१६ च्या त्याच अहवालात सर्वांत कमी दर कुठले, माहीत आहे? धाराशिव आणि बीड. पुरुषांत लाखात ३९.५, बायकांत ४९.४. यावरून कुणी "आपलं गावाकडचं जीवन निरोगी" म्हणून खूश होऊ नये. ज्याचं निदानच झालं नाही तो नोंदणीत येत नाही. आणि त्याच भागातल्या बायकांना वर्षानुवर्षं ग्रासणारा गर्भाशयमुखाचा कॅन्सर हा ना प्रदूषणाचा, ना आरामखुर्चीतल्या जीवनशैलीचा. तो एचपीव्ही या विषाणूचा. २००० च्या सुमारास तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांना घेऊन एक मोठी चाचणी झाली. आयुष्यात एकदाच एचपीव्हीची तपासणी केलेल्या गटात आठ वर्षांत या कॅन्सरने ३४ बायका गेल्या; नेहमीचेच उपचार मिळालेल्या, संख्येने थोड्या लहानच असलेल्या गटात ६४ गेल्या. तुमच्या घरात तिशी ओलांडलेली बहीण, आई, मावशी असेल तर डॉक्टरांकडे या तपासणीचं नाव घेऊनच विचारा, आणि त्याच खेपेला तोंड आतून दाखवून या.