विस्मृतीत गेलेल्या जुन्या मेलोड्रामाची १६ मिमी प्रिंट संग्राहक का शोधतात? घेताना काय पाहावं?

अशा चित्रपटांची मूळ निगेटिव्ह बऱ्याचदा उरलेलीच नसते, म्हणून एखादी झिजलेली प्रिंटही मोलाची. कथा रडकी असेना!

डबा उघडताच आधी वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास म्हणजे ॲसिटेट (फिल्मची प्लॅस्टिकसारखी पट्टी) कुजू लागलंय. ते थांबत नाही आणि बाजूच्या रिळांनाही लागतं. मग आकुंचन मोजा: नव्या फिल्मच्या १०० फ्रेम शेजारी ठेवा. जुनी एक फ्रेम कमी भरली तर १ टक्का आकसली आहे. अशी प्रोजेक्टरमध्ये चालवली तर कडेची छिद्रं फाटतील, स्कॅनच करा. १९५०-७०च्या दशकांतल्या ईस्टमनकलर (कोडॅकची रंगीत फिल्म) प्रिंट बहुधा गुलाबी पडतात, टेक्निकलरच्या डाय-ट्रान्सफर (फिल्मवर रंग छापून केलेल्या) प्रिंट मात्र रंग टिकवतात. फिल्मच्या कडेवरची, तिचं साल सांगणारी कोडॅकची चिन्हं दर २० वर्षांनी पुन्हा येत, तेव्हा निव्वळ त्यांवरून साल ठरवू नका.