न्यूकॅसलच्या वाटेवर एक मुक्काम

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

न्यूकॅसलची नोकरी पक्की झाली आणि घरही मिळालं, हे वाचून फार बरं वाटलं. त्याखाली लिहिलेला प्रवासाचा बेत मात्र मला पटला नाही. गुरुवारी लंडनहून सामानाने भरलेली गाडी काढायची, रात्री हमरस्त्यालगत पेट्रोलपंपामागच्या हॉटेलात पाठ टेकायची आणि उजाडताच पुढे निघायचं. झोप तिथे मिळेल, नाही असं नाही. पण तुझ्या हातात एक अख्खी संध्याकाळ आणि एक सकाळ मोकळी आहे, ती ट्रकांच्या घरघरीत कशाला घालवतेस? लंडनपासून साधारण 145 किलोमीटरवर, ए-वन रस्त्याला लागून, स्टॅमफर्ड नावाचं बाजाराचं गाव आहे. तिथे उतर.

तू म्हणशील, काका, हे तर जेमतेम तिसऱ्या हिश्शाला आलं. असू दे. मुक्काम बरोबर मध्यावरच पडायला हवा असं कोणी सांगितलंय? उजेडी पोचता येईल तिथे तो करावा. इंग्लंडच्या छोट्या गावांत पाच-साडेपाचला दुकानांचे दिवे मालवतात. पबचं स्वयंपाकघर बहुतेक ठिकाणी नऊच्या सुमारास बंद होतं, रविवारी त्याच्याही आधी. साडेनऊला पोचणाऱ्याच्या नशिबी चिप्सचं पाकीट. म्हणून जेवून बाराला नीघ आणि चारच्या आत गावात शीर. हिवाळ्यात निघणार असशील तर आणखी लवकर, कारण डिसेंबरात चारला अंधार पडतो.

हेच गाव का, तेही सांगतो. रात्रीपुरत्या उतरणाऱ्यांच्या जिवावर हे गाव पोसलं गेलं. लंडन ते यॉर्क आणि पुढे एडिंबरा असा जुना ग्रेट नॉर्थ रोड, म्हणजे आजच्या ए-वनचा पूर्वज, गावाच्या मधोमध जायचा आणि घोडागाड्या इथे घोडे बदलायच्या. नदीपलीकडे रस्त्यावर आडवी कमान टाकून लावलेली 'जॉर्ज' या सराईची पाटी दिसेल. तिचा घाट फाशीच्या खांबासारखा आहे. वाटमाऱ्यांना दहशत बसावी म्हणून तसा केला, असं सांगतात. आत गेलीस की दोन दारांवर अजून 'लंडन' आणि 'यॉर्क' अशी अक्षरं आहेत. ज्या दिशेची गाडी, त्या दाराआड बसून तिची वाट पाहायची. तिथे राहू मात्र नकोस, तुझ्या खिशाला ते परवडणार नाही आणि परवडलं तरी पहिल्या पगाराआधी शोभणार नाही. अंगणात बसून एक कॉफी घे, तेवढी चैन चालेल.

मग रेल्वे आली. लंडनहून उत्तरेला जाणारा मुख्य मार्ग 1852 पर्यंत पीटरबरो आणि ग्रँथमवरून पूर्ण झाला, आणि स्टॅमफर्डच्या वाट्याला नुसता आडवा फाटा राहिला. शेजारच्या बर्ली हाउस या महालाच्या मार्क्विसने मुख्य मार्ग अडवला असं गावात म्हणतात. इतिहासकार ते तितकंसं मानत नाहीत, पण खापर फोडायला उमराव सापडला की गाव त्याला सहजी सोडत नाही. एक्स्प्रेसवे झाल्यावर जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरच्या खानावळींचं जे झालं, तेच इथल्या सरायांचं झालं. फरक इतकाच की धंदा बसल्यामुळे जुनं पाडून नवं बांधायला कोणाकडे फारसा पैसाच उरला नाही, आणि जॉर्जियन, म्हणजे अठराव्या शतकाच्या आसपासच्या काळातलं दगडी गाव जसंच्या तसं राहिलं. 1960 मध्ये ए-वनही गावाबाहेरून वळवला. पुढे 1967 मध्ये इंग्लंडमधलं पहिलं संरक्षित क्षेत्र म्हणून हेच गाव जाहीर झालं. आज सहाशेहून जास्त इमारतींना कायद्याचं संरक्षण आहे.

आता खोलीचं. सरायांच्या त्या जुन्या कमानी घोडागाड्यांसाठी बांधलेल्या आहेत. तुझी गाडी आत शिरेल, पण आरसे मिटून घे. खोली घेताना दोनच गोष्टी विचार. मागे गाडी लावायला जागा आहे का, आणि खोली बारच्या बरोबर वर तर नाही ना. पुष्कळ सामान आहे तुझं. मागच्या सीटवरचं चादरीने झाक, लॅपटॉप आणि कागदपत्रं वर ने. दारं बुटकी असतात, डोकं सांभाळ. न्हाणीघरात गरम पाण्याचा नळ वेगळा आणि थंडचा वेगळा निघाला तर आश्चर्य वाटू देऊ नकोस. किटली, चहाच्या पुड्या आणि दुधाच्या चिमुकल्या डब्या खोलीत असतातच. दोन डब्यांत आपला चहा होत नाही, उतरतानाच चार मागून घे.

सामान टाकलंस की लगेच बाहेर पड. लोळू नकोस, लोळलीस की संध्याकाळ गेली. पाचनंतर दिवसभराचे पर्यटक निघून जातात आणि गाव गावकऱ्यांचं होतं. कुत्रं फिरवणारी माणसं, शाळेचा गणवेश न बदलता भटकणारी पोरं, एकेक दुकान बंद करणाऱ्या बाया. वेलंड नदीकाठच्या कुरणात उतर आणि तिथून वर बघ. चर्चचे मनोरे एकामागून एक उभे दिसतील. छपरांकडे जरूर लक्ष दे. ती कौलं मातीची नाहीत, जवळच्या कॉलीवेस्टनच्या चुनखडीची आहेत. खाणीतून काढलेले दगड हिवाळ्यात ओले करून उघड्यावर ठेवायचे. आतलं पाणी गोठून फुगलं की दगडाचे थर सुटतात, मग हातोडीने पातळ फरश्या वेगळ्या करायच्या. मला या गावातलं सगळ्यात आवडतं ते हेच, थंडीकडून काम करून घेण्याची ही युक्ती.

पूल ओलांडून सेंट मार्टिन्स चर्चकडे चढ. आत पहिल्या राणी एलिझाबेथच्या कारभाऱ्याची, विल्यम सेसिलची, भपकेबाज समाधी आहे. बर्ली हाउस बांधणारा तोच. मला मात्र बाहेरच्या दफनभूमीतला डॅनियल लँबर्ट जास्त जवळचा वाटतो. हा लेस्टरचा तुरुंगाधिकारी. वजन वाढत 335 किलोवर गेलं. लोक बघायला जमतात म्हणून आधी घरात कोंडून घेतलं, मग पैशाची तंगी आली तेव्हा 1806 मध्ये लंडनला जाऊन पैसे घेऊन लोकांना भेटू लागला. त्याच्याशी बोलून आलेले लोक त्याच्या चतुर, सभ्य बोलण्याची तारीफ करत. जून 1809 मध्ये घोड्यांच्या शर्यतींच्या सुमारास तो स्टॅमफर्डला आला, एका सराईत तळमजल्यावर उतरला आणि संध्याकाळीच वर्तमानपत्रवाल्यांकडे जाहिरात छापायचा निरोप धाडला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. वय 39. खिडकी आणि भिंत पाडून, चाकं लावलेल्या शवपेटीतून त्याला बाहेर काढावं लागलं. परगावच्या माणसासाठी त्याच्या मित्रांनी इथे दगड उभारलाय, तो वाचून ये.

इथे एक रात्र काढून गेलेला आणखी एक पाहुणा म्हणजे यादवी युद्धात हरत आलेला राजा पहिला चार्ल्स. एप्रिल 1646 च्या अखेरीस वेढ्यातल्या ऑक्सफर्डमधून केस कापून, नोकराच्या वेषात निसटला, मेच्या सुरुवातीला इथे रात्र काढली आणि लगेच पुढे साउथवेलला जाऊन स्कॉटिश सैन्याच्या हवाली झाला. ऑक्सफर्डचं आणि या गावाचं त्याआधीही वाकडं होतं. 1333 मध्ये तिथले काही अध्यापक रुसून इथे शिकवायला आले. राजाने त्यांना परत हाकललं, पण ऑक्सफर्डने धसका इतका घेतला की स्टॅमफर्डमध्ये शिकवणार नाही, अशी शपथ पदवीधारकांकडून 1827 पर्यंत घेतली जात होती. पाचशे वर्षं! मराठी माणसाने भाऊबंदकीबद्दल उगाच मान खाली घालू नये.

जेवायला पबमध्ये जा. टेबलावर बसून वेटरची वाट पाहू नकोस, बहुतेक ठिकाणी बारवर जाऊन टेबलाचा नंबर सांगायचा आणि तिथेच पैसे द्यायचे. बारवर रांग दिसत नाही, पण कोणाचा नंबर कधी ते सगळ्यांना ठाऊक असतं; घुसू नकोस. एकटी बाई जेवायला आली म्हणून कोणी वळून बघणार नाही. शाकाहारी काहीतरी असतंच. पाटीवर 'इंडियन' लिहिलेलं हॉटेल दिसलं तर नाक मुरडू नकोस. अशी बरीच हॉटेलं सिल्हेटहून आलेल्या बंगाली कुटुंबांची असतात. न्यूकॅसलच्या थंडीत तुला त्यांचीच आठवण येणार आहे. चीज खाणार असशील तर स्टिल्टन माग. त्याला नाव देणारं स्टिल्टन गाव याच रस्त्यावर, पीटरबरोच्या दक्षिणेला आहे. तिथल्या सराईत उतरलेल्या प्रवाशांना ते विकलं जायचं, म्हणून नाव पडलं. गंमत म्हणजे कायद्याने ते डर्बीशर, लेस्टरशर आणि नॉटिंगहॅमशरमध्येच बनवता येतं, आणि स्टिल्टन गाव पडतं केंब्रिजशरमध्ये.

शुक्रवारी सकाळी न्याहारी पोटभर कर. काळी गोल चकती दिसली तर ते ब्लॅक पुडिंग, त्यात डुकराचं रक्त असतं. खायचं की नाही ते तू ठरव, पण कळून ठरव. मग ब्रॉड स्ट्रीटवर जा. शुक्रवार हा इथला बाजाराचा वार, म्हणूनच मी गुरुवारचा मुक्काम सुचवतोय. भाजी, चीज, कापडचोपड, फुलं, घरगुती हत्यारं. शेजारीच ब्राउन्स हॉस्पिटल आहे. नाव हॉस्पिटल असलं तरी पंधराव्या शतकात लोकरीच्या एका व्यापाऱ्याने म्हाताऱ्यांसाठी बांधलेलं ते घर, आणि अजूनही म्हातारी माणसं तिथे राहतात. बाजारातून नव्या घरासाठी काहीतरी घे. बटाटे, कांदे, अंडी आणि एक पाव घेतलास तरी पहिल्या रात्रीची सोय होईल. भाजीवालीशी दोन शब्द बोल. हवेवरून सुरुवात कर, ती इथे चालते.

बर्ली हाउस या खेपेला सोड. नुसतं उद्यान फिरायलाच दीड तास जाईल. पेट्रोल गावातच भर, हमरस्त्यावरच्या थांब्यांवर ते महाग पडतं. पुढे साधारण 300 किलोमीटर, साडेतीन तास धर, त्यात जेवणाचा अर्धा तास मिळव. किल्ली देणाऱ्या एजंटाचं ऑफिस शुक्रवारी पाचला बंद होतं असं तूच लिहिलं आहेस. तेव्हा अकराला गाडीत बस, आणि त्यांना आदल्या दिवशीच फोन करून चारची वेळ सांगून ठेव.

तुझा,
काका