सोयाबीन पिवळे पडले? युरिया टाकण्याआधी झाड उपटून बघा

शेतकरी बंधू-भगिनींनो, नमस्कार.

झड, म्हणजे सततचा पाऊस, उघडून ऊन पडल्यापासून आमच्याकडे येणाऱ्या शंकांमध्ये निम्म्याहून जास्त शंका एकाच गोष्टीच्या आहेत: सोयाबीन पिवळे पडत आहे. औसा भागातील एका शेतकऱ्यांनी विचारले आहे, "पेरून २५ दिवस झाले. शेंड्याकडची पाने पिवळी पडली म्हणून एकरी अर्धी गोणी युरिया टाकला. फरक तर नाहीच, उलट जास्त पिवळे दिसते. अजून टाकू का?" रिसोडकडच्या एका ताईंनी फोटो पाठवला आहे. वावरात मधूनच काही झाडे हळद लावल्यासारखी दिसतात आणि दुकानदाराने तीन बाटल्या एकत्र मारायला सांगितल्या आहेत. आणखी एकांनी तणनाशक फवारल्यावर पीक पिवळे झाल्याचे कळवले आहे. एकांचा अनुभव असा, की रोपे पिवळी पडून माना टाकतात आणि पानावर मात्र कीड दिसत नाही.

चौघांच्या शेतात पान पिवळेच आहे, पण चौघांचे दुखणे वेगळे आहे. त्यामुळे चौघांना एकच बाटली सांगता येणार नाही. कोणतेही औषध आणण्याआधी वावराचा एक फेरा मारा. पिवळेपणा सगळीकडे आहे, सखल जागी पट्ट्याने आहे की एखाददुसऱ्या झाडावर आहे, हे पाहा. मग एका झाडाजवळ बसा आणि आधी कोणते पान पिवळे झाले ते बघा, खालचे जुने की शेंड्याचे कोवळे. शेवटी ते झाड मुळासकट उपटा आणि खोड उभे चिरा. या तपासणीला पैसा लागत नाही, आणि पुढचा खर्च योग्य जागी होणार की वाया जाणार, ते यावरच ठरते.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सविस्तर देतो, कारण मराठवाड्यात आणि विदर्भातल्या भारी काळ्या जमिनींत जुलैमध्ये हीच अडचण सर्वात जास्त दिसते. औशाचे दादा लिहितात की शेंड्याची पाने पिवळी आहेत, पण शिरा हिरव्या राहिल्या आहेत आणि खालची पाने चांगली हिरवी आहेत. ही खूण लोहाच्या कमतरतेची आहे. पानातले हरितद्रव्य तयार व्हायला लोह लागते. झाडात एकदा जुन्या पानात गेलेले लोह तिथून निघून नव्या पानाला मिळत नाही, म्हणून कमतरता आधी कोवळ्या पानावर दिसते. नत्राचे, म्हणजे युरियातून मिळणाऱ्या अन्नद्रव्याचे, उलट असते. नत्र कमी पडला तर झाड जुन्या पानातला नत्र काढून शेंड्याला पुरवते, त्यामुळे खालची पाने आधी आणि एकसारखी पिवळी होतात, शिराही हिरव्या राहत नाहीत. एवढा फरक ओळखता आला तरी युरियाची अर्धी गोणी वाचते.

आता कोणी म्हणेल, आमच्या जमिनीत लोह नाही का? एकूण लोह भरपूर आहे, पण पिकाला घेता येईल अशा रूपात नाही. आपल्या बऱ्याच रानांत चुनखडी आहे, सामू (पीएच) ८ च्या आसपास किंवा वर आहे. अशा जमिनीत लोह मुळांना उचलता येत नाही अशा रूपात अडकून राहते. त्यात झड लागली की जमीन चिभडते, मातीतली हवा निघून जाते, मुळांनी आणि जिवाणूंनी सोडलेला कार्बन डाय-ऑक्साइड तिथेच कोंडतो आणि चुनखडीमुळे बायकार्बोनेट वाढते. हे बायकार्बोनेट लोहाची वाट आणखी अडवते. म्हणूनच एकाच शेतात उंचवट्यावरचे सोयाबीन हिरवे आणि सखल पट्ट्यातले पिवळे असे चित्र दिसते.

अशा वेळी युरिया टाकला की त्याचे जमिनीत नायट्रेट होते. नायट्रेट जास्त उचलले गेले की मुळाभोवतीची आणि पानातली आम्लता घटते आणि जे थोडे लोह झाडात पोहोचले आहे तेही नीट वापरले जात नाही. पिवळेपणा वाढल्याचे तुम्हाला दिसले ते यामुळेच. शिवाय सोयाबीन आपला बहुतांश नत्र मुळावरच्या गाठींतून स्वतः मिळवते. तयार नत्र समोर आला की गाठी धरण्याचे काम मंदावते. एक झाड हळूच खणून काढा आणि मुळावरची गाठ नखाने फोडा. आतून लालसर-गुलाबी असेल तर गाठ कामाला लागली आहे, नत्राची चिंता करू नका. पांढरी, हिरवट किंवा तपकिरी निघाली तर गाठ अजून चालू झालेली नाही किंवा पाण्याने गुदमरली आहे. तेव्हाही पहिला उपाय पाणी काढण्याचाच आहे.

तेव्हा दादा, आणखी युरिया टाकू नका. साचलेले पाणी चर काढून बाहेर घाला. वाफसा, म्हणजे मशागतीजोगी ओल, येताच कोळपणी करा, म्हणजे वरची पापडी फुटून मुळांना हवा मिळेल. पाऊस उघडून वाफसा आला आणि कोळपे फिरले, की सौम्य पिवळेपणा बहुतेक वेळा आठ-दहा दिवसांत आपोआप कमी होतो. तेवढ्याने भागले नाही तर फवारणी करा. १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम फेरस सल्फेट, म्हणजे हिराकस, आणि १० ग्रॅम सायट्रिक ॲसिड घ्या. सायट्रिक ॲसिड आधी पाण्यात विरघळवा आणि मग हिराकस टाका. हिराकस घेताना त्याचा रंग बघून घ्या. हिरवट खडे असतील तर माल चांगला. तांबूस-पिवळी भुकटी झाली असेल तर त्यातले लोह गंजून गेले आहे, त्याचा उपयोग होत नाही. द्रावण त्याच दिवशी संपवा. हा खटाटोप नको असेल तर चिलेटेड लोह, म्हणजे १२ टक्के फेरस ईडीटीए, १० लिटरला १० ग्रॅम घ्या. किंवा सूक्ष्म अन्नद्रव्य ग्रेड-२ हे १० लिटरला ५० मिली घ्या. त्यात लोहाबरोबर जस्त, मंगल, तांबे, बोरॉन आणि मॉलिब्डेनमही असते. फवारणी सकाळी किंवा ऊन उतरल्यावर करा, गरज वाटल्यास आठ-दहा दिवसांनी पुन्हा एकदा करा.

दोन गोष्टी आवर्जून सांगतो. हिराकसाच्या पंपात १२:६१:०० किंवा १९:१९:१९ ही विद्राव्य खते मिसळू नका. त्यातले स्फुरद आणि हिराकसातले लोह एकमेकांना धरून तळाशी बसतात आणि दोन्ही वाया जातात. आणि फवारणीनंतर जुन्या पिवळ्या पानांकडे बघून निराश होऊ नका, नव्याने फुटणारे पान कोणत्या रंगाचे येते ते पाहा. सगळ्या शेतावर खर्च करण्याआधी खात्री हवी असेल तर एका ओळीतल्या दहा-बारा झाडांवरच फवारून त्या ओळीला काठी रोवून ठेवा. पाच-सहा दिवसांत ती झाडे शेजारच्या झाडांपेक्षा हिरवी दिसली तर निदान बरोबर आहे.

शेंड्याची पाने शिरांसकट एकसारखी फिकट असतील तर गंधकाचा विचार करा. केवळ डीएपी खतावर पेरणी होते तिथे हे आढळते, कारण डीएपीमध्ये गंधक नसते. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये ते असते, म्हणून सोयाबीनला आम्ही हे खत सुचवत आलो आहोत. जुन्या पानांच्या कडा पिवळ्या पडून करपत असतील तर पालाश (पोटॅश) कमी आहे.

आता रिसोडच्या ताईंचा फोटो. या पानांवर शिरांमधला भाग पिवळा आणि शिरा हिरव्या अशी रेखीव मांडणी नाही. हिरव्या पानावर भडक पिवळे, वेडेवाकडे चट्टे एकमेकांत मिसळलेले आहेत. पिवळेपणा सखल पट्ट्यातही नाही, विखुरलेल्या झाडांवर आहे. ताई, हा पिवळा मोझॅक आहे, ज्याला आपल्याकडे हळद्या म्हणतात. हा विषाणूजन्य रोग असून पांढरी माशी तो पसरवते. रोगट झाडाचा रस शोषलेली माशी पुढे निरोगी झाडावर बसली की त्यालाही लागण होते. लागण झालेले झाड बरे करणारे औषध बाजारात नाही. बुरशीनाशक, टॉनिक, विद्राव्य खत यांनी हा रोग जात नाही, कोणी कितीही छातीठोकपणे सांगितले तरी. तुम्हाला सुचवलेल्या तीन बाटल्यांपैकी बुरशीनाशक आणि टॉनिक या दोन तर आजच परत करा.

हातात आहे ते पुढची लागण थांबवणे, आणि तुमच्या फोटोवरून अजून वेळ गेलेली नाही. पिवळी झाडे दिसतील तशी उपटा, बांधावर न टाकता पुरून टाका. दर दोन-तीन दिवसांनी हा फेरा चालू ठेवा. एकरी दहा-बारा पिवळे चिकट सापळे पिकाच्या उंचीवर लावा. पान हलकेच उलटून खालच्या बाजूला पांढरी माशी आहे का बघा. थोडी असेल तर ५ टक्के निंबोळी अर्क पुरतो. जास्त असेल तर ॲसिटामिप्रीड २५ टक्के अधिक बायफेन्थ्रीन २५ टक्के डब्ल्यूजी हे जोड कीटकनाशक एकरी १०० ग्रॅम, किंवा थायामिथोक्झाम १२.६ टक्के अधिक लॅम्बडा सायहॅलोथ्रीन ९.५ टक्के झेडसी एकरी ५० मिली, यांपैकी एकच घ्या. एकरी २०० लिटर पाणी वापरा आणि पानांची खालची बाजू भिजेल असे फवारा. पुन्हा फवारणीची वेळ आली तर त्याच गटाचे औषध नको. एकाच गटाचे औषध सतत मारल्याने मित्रकीटक मरतात आणि पांढरी माशी उलट वाढते.

रोग सगळ्या शेतात पसरला असेल तर मात्र झाडे उपटण्यात अर्थ नाही, आणि दाणे भरत आल्यावर महागड्या फवारणीतही नाही. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये विदर्भात हा रोग मोठ्या प्रमाणावर आला, तेव्हा उशिरा केलेला खर्च बऱ्याच जणांच्या अंगावर पडला. पुढच्या वर्षाचा विचार आत्ताच करा. जेएस ३३५ हे वाण या रोगाला लवकर बळी पडते. उन्हाळी सोयाबीन आणि उन्हाळी मूग यांवर हा विषाणू आणि माशी दोन्ही टिकून राहतात, म्हणून त्या शेजारी खरिपाचे सोयाबीन असेल तर सुरुवातीपासून लक्ष ठेवावे लागते.

तणनाशकाचा प्रश्न सोपा आहे. उगवणीनंतर मारलेल्या इमॅझेथापायरने कोवळी पाने काही दिवस पिवळसर होतात आणि वाढ थांबल्यासारखी वाटते. मात्रा बरोबर, म्हणजे १० टक्के एसएलची एकरी ४०० मिली असेल आणि जमिनीत ओल असेल, तर पीक आठवडा-दहा दिवसांत सावरते. त्यासाठी वेगळे काही मारू नका. पण पाने पिवळी होण्याबरोबर वाटीसारखी वळली, देठ पिळवटले, तर पंपात आधीचे २,४-डी हे तणनाशक राहिले होते किंवा शेजारच्या उसावरून त्याचा झोत आला, असे समजा. तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवा.

रोपे पिवळी पडून माना टाकतात, त्यांच्यासाठी खोड चिरणे हाच उलगडा आहे. आत तांबूस नागमोडी पोखर आणि बारीक पांढरट-पिवळसर अळी दिसली तर ती खोडमाशी. १० टक्क्यांहून जास्त झाडांत असेल तर क्लोरॅन्ट्रानिलीप्रोल १८.५ टक्के एससी एकरी ६० मिली फवारा, किंवा वर सांगितलेले थायामिथोक्झामचे जोड औषध त्याच मात्रेत चालते. खोड आतून स्वच्छ असेल, पण जमिनीलगत पांढरी बुरशी आणि मोहरीसारखे दाणे असतील तर ती कॉलर रॉट आहे. ते झाड वाचत नाही. मातीसह काढून टाका, पाणी साचू देऊ नका आणि पुढच्या पेरणीला बियाण्याला ट्रायकोडर्मा चोळा.

फवारणीची मात्रा नेहमी एकराच्या हिशोबाने काढा. पेट्रोलवर चालणाऱ्या फवारणी पंपात पाणी कमी लागते म्हणून एकरी औषध कमी-जास्त होत नाही. चार-पाच औषधे एका पंपात घालण्याची सवय मोडा. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले, ते दुःख आपल्या घरापर्यंत यायला नको. हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नका आणि मजुरालाही हीच साधने द्या.

ज्यांच्या शेतात दरवर्षी त्याच पट्ट्यात पिवळेपणा येतो, त्यांनी काढणी झाल्यावर त्या पट्ट्यातल्या मातीचा वेगळा नमुना तपासायला द्या आणि सामू, मुक्त चुना व उपलब्ध लोह या तिन्हींची तपासणी मागा. उपलब्ध लोह किलोमागे ४.५ मिलिग्रॅमपेक्षा कमी आले तर पुढच्या पेरणीआधी एकरी १० किलो हिराकस चांगल्या कुजलेल्या शेणखतात मुरवून द्यावे. नुसते मातीत टाकले तर चुनखडी ते लगेच अडकवते. पेरणी रुंद वरंबा सरीवर करा, किंवा पेरणीनंतर दर चार ओळींमागे सरी काढा, म्हणजे झडीचे पाणी निघून जाईल.

अजूनही निदान होत नसेल तर झाड आमच्याकडे घेऊन या. मुळाभोवतीच्या मातीसह खणून काढा, कागदात गुंडाळा. प्लॅस्टिकच्या पिशवीत झाड घामेजून सडते आणि मग काहीच कळत नाही. सोबत त्याच शेतातले एक हिरवे झाड आणा. पेरणीची तारीख, वाण, दिलेली खते आणि आतापर्यंत फवारलेल्या औषधांची नावे लिहून आणा, बाटल्यांच्या लेबलचे फोटो असले तर उत्तम. मेलेले झाड आणू नका. नुकते पिवळे पडू लागलेले आणा.