माग विकायच्या आधी पोराला विचारलंत का?

इचलकरंजीहून एका वडिलांचं पत्र आलंय. घराला लागून शेड, त्यात ८ साधे यंत्रमाग, खर्चीवर चालतात, म्हणजे सूत व्यापाऱ्याचं आणि यांना फक्त विणायची मजुरी. मुलगा बारावी सायन्स, ६८ टक्के, सीईटीला ६१ पर्सेंटाईल. माग विकून, वर पतसंस्थेचं कर्ज काढून त्याला पुण्यात मॅनेजमेंट कोट्यातून कॉम्प्युटरला घालायचं ठरलंय. 'पोरानं मागाचं तोंड बघू नये एवढीच इच्छा हाय, कॉलेज कुठलं घेऊ तेवढं सांगा.'

दादा, पत्र दोनदा वाचलं. मार्क आहेत, कॉलेजांची नावं आहेत, पाव्हण्यांची पोरं कुठं कुठं नोकरीला लागली तेही आहे, पण तुमच्या पोराला काय पाहिजे ते एका ओळीत पण नाही. आणि जाता जाता तुम्ही एक लिहिलंय तिथंच मी अडकले. माग दुरुस्त करणारा जॉबर आला नाही की हाच पोरगा धोटा, म्हणजे आडवा धागा नेणारा तो मागाचा भाग, अडकलेला काढतो, माग सुरू करून देतो, आणि शेडात यायचं नाही सांगूनही आला म्हणून तुम्ही त्याच्यावर दोनदा हात उचललाय. १८ वर्षांच्या पोरावर, त्याला एक काम चांगलं येतंय म्हणून! मला त्या ६१ पर्सेंटाईलची काही काळजी वाटत नाही, ह्याची वाटते. परत हात उचलू नका, हे मी स्पष्टच सांगते.

तुमचं दुःख कळत नाही असं नाही हो. भिंतीपलीकडं दिवसरात्र खडखडाट, घरात बोलायचं तरी ओरडून बोलायचं, छातीत कापसाची धूळ, आणि एवढं करून मजुरी पिकावर, म्हणजे आडवा धागा किती वेळा टाकला त्यावर, मोजून मिळणार, ती पण मंदी आली की पहिली तुटणार. ज्यानं हे भोगलंय त्याला वाटणारच की पोरगं ह्यातनं बाहेर पडावं. पण त्या वाटण्यात थोडी लाज पण मिसळलीय असं मला पत्रात दिसलं, 'लग्नाच्या बाजारात मागवाल्याला कोण विचारतो' हे तुमचंच वाक्य. दादा, १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी तुमच्या गावात पहिला यंत्रमाग बसवला, जहागीरदार नारायणराव घोरपड्यांनी पाठबळ दिलं, आणि त्यावर एवढं मोठं शहर उभं राहिलं. २०११ च्या जनगणनेत २ लाख ८७ हजार माणसं, तीही तीसेक चौरस किलोमीटरात, आणि कर्नाटकातनं, यूपी-बिहारातनं लोक अजून तिथं पोटासाठी येतात. पोरानं त्या धंद्यात रहावं की नाही हे त्याचं तो ठरवेल, पण बापाच्या कामाची लाज वाटायला तुम्ही त्याला शिकवू नका.

आता तुमचा एक गैरसमज, आणि हा इचलकरंजीतल्या निम्म्या घरांत असेल. टेक्स्टाईल शिकलं की शेवटी मागावरच उभं रहायचं, असं तुम्ही धरून चाललाय. असं नाहीये. तुमचा साधा माग मिनिटाला १२५-१५० पिक टाकतो, एअरजेट माग ६०० च्या पुढं जातो, त्यात धोटाच नसतो, हवेच्या झोतानं बाणा, म्हणजे आडवा धागा, जातो, सगळं सेन्सर आणि पॅनलवर चालतं आणि तो बंद पडला की नुसता पाना घेऊन भागत नाही, शिकलेला माणूसच लागतो. सायझिंगमध्ये सुताला खळ किती चढवायची, प्रोसेसिंगला रंग का फाटला, लॅबमध्ये कापडाची ताकद तपासणं, एक्स्पोर्टचं मर्चंडायझिंग, दवाखान्याचं आणि रस्त्याखाली घालायचं टेक्निकल कापड, शिवाय रंगाचं पाणी पंचगंगेत जाण्याआधी साफ करायचं काम, हे सगळं ह्याच शिक्षणात येतं. आणि हे शिकवणारं डीकेटीई कॉलेज १९८२ पासून तुमच्याच गावात आहे, लांबनं लांबनं पोरं तिथं रूम करून राहतात, तुमचं पोरगं घरनं डबा घेऊन जाईल. नोकरी हमखास आणि पहिल्याच दिवशी मोठा पगार असं मी म्हणणार नाही, सुरवातीला शिफ्ट करावी लागते, पगार बेताचाच असतो. पण धोटा कुठं आणि का अडकतो हे ज्याला कॉलेजात जायच्या आधीच माहितेय, तो वर्गात चार पावलं पुढं असणार.

पैशाचं पण बोलते. मॅनेजमेंट कोट्यातनं सीट घेतली की राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती मिळत नाही. उत्पन्न ८ लाखाच्या आत असलं तर कॅप राऊंडनं, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतनं, लागलेल्या मुलाची निम्मी ट्यूशन फी त्यातनं जाते. म्हणजे सवलत सोडायची, माग भंगाराच्या भावात घालवायचे, वर कर्ज, आणि पोराला कोडिंग आवडतं का हे कुणी विचारलेलंच नाही. मला हे अजिबात पटत नाही.

टेक्स्टाईलला जायच्या वाटा सोप्या आहेत, सीईटीच्या ह्याच मार्कांवर कॅपला फॉर्म भरायचा, नाहीतर बारावी सायन्सवर डिप्लोमाच्या डायरेक्ट सेकंड इयरला जायचं.

आणि पोरगा म्हणाला, नाही, मला कॉम्प्युटरच पाहिजे, तर तेच करू, जिथं कॅपनं मिळतंय तिथं. पण हे त्यानं म्हणायला पाहिजे, तुम्ही नाही. येत्या रविवारी त्याला एकट्याला कोल्हापूरला माझ्याकडं पाठवा, एसटीत बसवून द्या, तुम्ही बरोबर येऊ नका. तुमच्याशी मी नंतर बोलते. आणि माग बघून गेलेल्या गिऱ्हाइकाकडनं इसार घेतला असेल तर परत करा, तेवढे दिवस थांब म्हणावं.