गाठ गेली, तारखा उरल्या
मूत्राशयाचा कर्करोग : वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं

प्रश्न : दीड वर्षापूर्वी लघवीतून रक्त गेलं. मूत्राशयात गाठ निघाली, ती दुर्बिणीतून खरवडून काढली. रिपोर्टमध्ये ‘हाय ग्रेड, स्नायूत शिरलेली नाही’ असं लिहिलंय. आज मला कसलाही त्रास नाही. तरी दर तीन महिन्यांनी दुर्बीण कशाला? सोनोग्राफीत भागणार नाही का?

उत्तर : नाही भागणार. त्रास नसतानाच ही तपासणी करायची असते, कारण त्रास सुरू होईपर्यंत थांबलं तर उशीर झालेला असतो. ‘हाय ग्रेड’ म्हणजे आक्रमक पेशींची गाठ, आणि हा आजार परत येण्यात पटाईत आहे. ज्या अस्तरातून पहिली गाठ उगवली, ते सगळं अस्तर वर्षानुवर्षं त्याच लघवीत भिजलेलं असतं. त्यामुळे नवी गाठ दुसऱ्याच कोपऱ्यातही येऊ शकते. सोनोग्राफीत बारीक गाठी सुटतात, आणि अस्तरावर सपाट पसरणारा कर्करोग तर दिसतच नाही. लघवीतल्या पेशींची तपासणी हाय ग्रेड आजारात उपयोगी पडते, पण दुर्बिणीच्या जोडीला, तिच्याऐवजी नाही.

तुमच्यासारख्या रुग्णांना साधारणपणे पहिली २ वर्षं दर ३ महिन्यांनी, मग पाचव्या वर्षापर्यंत दर ६ महिन्यांनी आणि पुढे वर्षातून एकदा बोलावतात. लहान, एकुलती, लो ग्रेड गाठ असेल तर इतके हेलपाटे पडत नाहीत. माझ्याकडे आजार बळावून परत आलेल्यांपैकी कितीतरी जण ‘बरं वाटत होतं म्हणून आलो नाही’ असं सांगतात. ते वाक्य ऐकताना मला राग येतो, हे कबूल करते.

तपासणीच्या आधीचा आठवडा झोप उडवतो, हेही खरं. एक करा : दुर्बिणीचं चित्र दिसतं तो मॉनिटर तुमच्याकडे वळवायला डॉक्टरांना सांगा. आतलं गुलाबी, नितळ अस्तर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं की परतीची वाट सोपी जाते. नंतर एखादा दिवस जळजळ किंवा लालसर लघवी चालेल. ताप आला, रक्ताच्या गुठळ्या पडल्या किंवा लघवी अडली तर मात्र लगेच कळवा.

प्रश्न : वडिलांच्या मूत्राशयात बीसीजी सोडतात. ही क्षयाची लस ना? घरात लहान मूल आहे, त्याला धोका आहे का?

उत्तर : हो, लसीतलाच जंतू. जिवंत, पण दुबळा केलेला. मूत्राशयाच्या कर्करोगावर त्याचा उपयोग होतो हे अल्वारो मोरालेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली मांडलं, आणि आजही त्याची जागा हलवणं जमलेलं नाही. तो कर्करोगाला थेट मारत नाही. मूत्राशयाच्या भिंतीत शरीराचीच फौज जागी करतो. म्हणून तर जळजळ, वारंवार लघवी, अंग मोडून येणं हे सगळं दोन दिवस सोसावं लागतं. आधी आठवड्याला एक असे ६ डोस, मग ठरावीक महिन्यांनी ३-३ डोसांचे फेरे. धोका जास्त असेल तर ३ वर्षांपर्यंत.

नातवाला मांडीवर खुशाल घेऊ द्या. काळजी फक्त लघवीची. डोसनंतर पहिले ६ तास वडिलांनी बसून लघवी करावी, संडासच्या भांड्यात ब्लीच ओतून १५ मिनिटांनी पाणी सोडावं आणि हात धुवावेत. डोसनंतर आठवडाभर शरीरसंबंधात कंडोम वापरावा. ताप ३८.५ अंश सेल्सिअसच्या वर गेला, दोन दिवसांत उतरला नाही किंवा थंडी वाजून आली, तर घरातली उरलेली अँटिबायोटिक देऊ नका, फोन करा. काही महिन्यांनी ताप आला आणि दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलात, तरी ‘बीसीजी घेतलंय’ हे आधी सांगा. ते कुणी आपणहून विचारत नाही.

प्रश्न : चाळीस वर्षं सिगारेट ओढली. रोग तर झालाच, आता सोडून काय मिळणार?

उत्तर : पुष्कळ. धुरातली विषारी रसायनं मूत्रपिंडांतून गाळून मूत्राशयात येतात आणि तासन् तास तिथे साठून राहतात. ओढणं चालू म्हणजे अस्तरावर तेच शिंपण चालू. निदानानंतर सोडणाऱ्यांमध्ये आजार उलटण्याचा धोका कमी होतो, शिवाय पुढे शस्त्रक्रिया करावी लागली तर जखम नीट भरते. मनाच्या जोरावर सुटत नसेल तर निकोटिनच्या पट्ट्या, गोळ्या आहेत, लाजू नका.

प्रश्न : मूत्राशय काढून पोटावर पिशवी लावली आहे. दोनदा चारचौघांत गळली. तेव्हापासून मी घराबाहेर पडलेली नाही.

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. गळती हा तुमच्या नशिबाचा भाग नव्हे, ती दुरुस्त होणारी चूक आहे, आणि बहुतेक वेळा मापाची.

स्टोमा म्हणजे पोटावर काढलेलं आतड्याचं लालसर तोंड. शस्त्रक्रियेनंतर ते सुजलेलं असतं आणि पुढच्या ६ ते ८ आठवड्यांत आक्रसतं. रुग्णालयात कापून दिलेलं भोक मात्र आपण तेच ठेवतो. मग मधल्या फटीतून लघवी चिकटपट्टीखाली शिरते, कातडी सोलवटते आणि ओल्या कातडीवर पुढची पट्टी धरत नाही. तेव्हा माप पुन्हा घ्या. पोटाला वळी पडत असेल किंवा स्टोमा खोलगट असेल तर फुगीर तळाची पट्टी मिळते. स्टोमा नर्सला एकदा बसून, उभं राहून, वाकून दाखवा; आडवं झोपलेलं पोट खरं बोलत नाही.

पट्टी बदलायची ती सकाळी उठल्या उठल्या, काही प्यायच्या आधी, कारण तेव्हा लघवीचा ओघ कमी असतो. कातडीला तेल, क्रीम काही नको. साध्या पाण्याने धुऊन पूर्ण कोरडी करा. पिशवी एक तृतीयांश ते अर्धी भरली की रिकामी करायची. तुडुंब भरली की तिचं वजनच पट्टी उपटतं. रात्री मोठी पिशवी नळीने जोडा. बाहेर जाताना आधीच कापून ठेवलेला एक संच आणि कपड्यांचा जोड पर्समध्ये असू द्या. पहिल्यांदा अर्ध्या तासासाठीच जा. पोहायलासुद्धा जाता येतं, पण ते नंतर.

लघवीत पांढरे धागे दिसतील. तो आतड्याचा चिकट स्राव, पू नव्हे. आणि पिशवीतल्या लघवीत जंतू जवळजवळ नेहमीच सापडतात, म्हणून केवळ रिपोर्ट पाहून औषध घेऊ नका. ताप, कंबरेच्या वर कुशीत दुखणं, हुडहुडी असेल तरच तो संसर्ग समजायचा. तपासणीला नमुना द्यायचा तर तोही पिशवीतला नको.

प्रश्न : तीन महिन्यांपूर्वी आतड्याचं नवं मूत्राशय बनवलं. दिवसा कोरडा असतो, रात्री अंथरूण भिजतं. वय ५८, लाज वाटते.

उत्तर : जुनं मूत्राशय भरू लागलं की निरोप जायचा आणि खालचा झडपेचा स्नायू झोपेतही आवळून राहायचा. आतड्याला ती भाषा येत नाही. म्हणून तूर्तास घड्याळच तुमचं मूत्राशय : रात्री दोनदा गजर, पुढे एकदा. झोपेआधीच्या दोन-तीन तासांत पिणं आवरतं घ्या, पण दिवसाचं दोन ते अडीच लिटर पाणी कमी करू नका. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिका. दिवसाची पकड आधी येते, रात्रीची मागून. वर्ष-दोन वर्षं सुधारणा होत राहते.

एक मात्र तपासून घ्या : लघवी झाल्यावर आत किती उरते. बरीच उरत असेल तर ती रात्री ओसंडते, आणि तेव्हा व्यायामापेक्षा स्वतः कॅथेटर (बारीक नळी) घालून रिकामं करणं जास्त कामाचं. भूक मरणं, मळमळ, विनाकारण थकवा असेल तर रक्तातलं आम्ल वाढलंय का हे पाहावं लागतं. आतड्याचा तुकडा कामी आल्यामुळे काही वर्षांनी बी-१२ जीवनसत्त्व घटू शकतं, तेही अधूनमधून मोजून घ्या.

प्रश्न : शस्त्रक्रियेनंतर यजमान वेगळ्या खोलीत झोपतात. विचारलं की चिडतात. डॉक्टरांनी या विषयावर एक शब्द काढला नाही.

उत्तर : तो आमचा दोष. पुरुषांमध्ये मूत्राशयाबरोबर बहुधा प्रोस्टेट आणि वीर्यकोशही काढतात. ताठरतेच्या नसा तिथूनच जातात, त्यांना धक्का बसतो. सावरायला कधी दोन वर्षं लागतात, कधी पूर्वीसारखं होतच नाही. वीर्य येणार नाही, पण परमसुखाची जाणीव बहुतेकांत राहते. हे त्यांना कुणी सांगितलं नसेल, तर आपण संपलो असं त्यांनी एकट्यानेच ठरवलं असणार. गोळ्या, इंजेक्शन, व्हॅक्यूम पंप असे उपाय आहेत. हृदयविकारासाठी नायट्रेटची औषधं चालू असतील तर या गोळ्या अजिबात चालत नाहीत.

पुढच्या तपासणीला दोघं मिळून जा आणि हा प्रश्न कागदावर लिहून डॉक्टरांच्या हातात द्या. तोंडाने विचारायची वेळ आली की त्यांचे शब्द अडतील. तोवर बोलणं नाही जमलं तरी चालेल. फक्त त्यांची उशी परत तुमच्या खोलीत आणून ठेवा.