तेलाची बाटली जरा बाजूला ठेवा, ताई

क्रॉयडनच्या ताईंच्या पत्रात चार काळज्या आहेत. फार्मसीची पदवी घेतलेली लेक लंडनमधल्या पेकहॅमला आफ्रो, म्हणजे आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या घट्ट कुरळ्या केसांचं काम शिकते आहे, पुढे स्वतःचं सलून काढायचं म्हणते, पुण्याच्या नातेवाइकांना काय सांगायचं, आणि अर्थात लग्न. माझं बोट मात्र पाचव्याच वाक्यावर थांबलं. "मी तिला म्हटलं, आपलं खोबरेल आणि शिकेकाई हीच तुझ्या दुकानाची खासियत ठेव. त्या कोरड्या केसांना रोज तेलच हवं."

ताई, तुमची माया कळते, पण हा सल्ला चुकीचा आहे. आमचे जावई घानाचे, दोन्ही नातींचे केस घट्ट कुरळे, तेव्हा मी ऐकीव सांगत नाही.

तेल म्हणजे ओलावा नव्हे. सरळ केसावर टाळूचं तेल टोकापर्यंत ओघळतं. स्प्रिंगसारख्या केसात ते पहिल्या काही वळणांतच अडतं. म्हणून टोकं कोरडी, आणि प्रत्येक वळण कमकुवत, तिथेच केस तुटतो. त्याला हवं असतं पाणी. कोरड्या केसावर तेल थापलं तर केस चकाकतो, पण कोरडाच राहतो. टाळूवर खवल्यांचा कोंडा असेल तर तो उलट वाढतो, कारण तिथलं यीस्ट तेलावरच पोसतं.

खोबरेलाची जागा आहे धुण्याआधी. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुंबईतल्या संशोधनात दिसलं, की खोबरेल लावल्याने धुताना केसातली प्रथिनं कमी जातात. सूर्यफूल किंवा खनिज तेलाने तसं होत नाही. तेव्हा आदल्या रात्री एक-दोन चमचे, बस्स. शिकेकाईची पूड मात्र नकोच. तिचे कण वळणांत अडकतात आणि काढताना केस घासून तुटतात.

आता क्रम. केसांचे सहा-आठ भाग करून क्लिप लावायच्या. एकेक भाग पाण्याने भिजवून त्यावर बुळबुळीत कंडिशनर भरपूर. आधी बोटांनी, मग रुंद दातांच्या कंगव्याने, टोकाकडून मुळाकडे गुंता सोडवायचा. मुळापासून कंगवा ओढला की सगळ्या गाठी खाली जमून घट्ट होतात. शांपू फक्त टाळूला. लंडनचं पाणी जड, त्याचे क्षार केसावर बसतात, म्हणून महिन्यातून एकदा क्षार काढणारा शांपू. मग डीप कंडिशनर, टोपी घालून उबेत 20 ते 30 मिनिटं. शेवटी केस ओलेच असताना लीव्ह-इन, म्हणजे न धुता केसातच ठेवायचं कंडिशनर, त्यावर क्रीम, आणि सगळ्यात वर तेलाचा हलका हात, आतलं पाणी टिकावं म्हणून. आमच्या विहीणबाई कुमासीच्या. त्याही शिया बटर ओल्या केसालाच लावतात.

वेण्या घालण्याआधी केस पूर्ण वाळवायचे, नाहीतर आत कुबट वास धरतो. कपाळाच्या कडेला बारीक पांढरे फोड दिसले तर वेणी फार घट्ट झाली आहे, लगेच सोडायची. हा ताण वर्षानुवर्षं राहिला तर तिथले केस कायमचे जातात. सहा ते आठ आठवड्यांपलीकडे त्याच वेण्या ठेवू नयेत.

हे सगळं दुकानाच्या हिशेबालाही लागू आहे. दाट केसांचं नुसतं धुणं, गुंता आणि कंडिशनर यालाच दीड तास सहज जातो. सरळ केसांच्या सलूनसारखी अर्ध्या तासाची वेळ देऊन तेवढेच पैसे घेतले, की दुपारनंतरची प्रत्येक गिऱ्हाईक खोळंबते आणि धंदा तोट्यात जातो. केसांच्या दाटीनुसार वेळ, आणि वेळेवर दर. जागा बघताना काचेच्या दर्शनी भागाआधी गरम पाण्याची टाकी पाहायला सांगा. दोन बेसिनं एकाच वेळी अर्धा तास चालली पाहिजेत. नाल्याला केसांची जाळी हवीच.

बाकीचं थोडक्यात. इंग्लंडमध्ये हे काम करायला कायद्याने परवाना लागत नाही, पण विमा काढताना बहुधा पात्रता विचारतात. 2021 पासून राष्ट्रीय व्यावसायिक निकषांत आफ्रो केसांचाही समावेश आहे, तेव्हा एनव्हीक्यू या व्यावसायिक पात्रतेची दुसरी-तिसरी पातळी तिने करावी. दुकानाच्या भाड्याची चिंता आत्ता नको. आधी दोनेक वर्षं पेकहॅमच्याच जाणत्या बाईच्या हाताखाली, मग एखाद्या सलूनमधली खुर्ची भाड्याने. हे केस आपल्या समाजाचे नाहीत, विश्वास तिथेच कमवावा लागेल. फार्मसी वाया गेलेली नाही. केस सरळ करणाऱ्या रिलॅक्सरमधला सोडियम हायड्रॉक्साइड टाळू कसा भाजतो, आणि तो फक्त नव्या वाढीलाच का लावायचा, हे तिला कुणी शिकवायला नको.

नातेवाइकांना सांगा, लेक लंडनमध्ये व्यवसाय उभा करते आहे. लग्नाबद्दल तिने तुम्हाला काही विचारलं आहे का? मग मलाही विचारू नका.