वैताग आहे, पण गिऱ्हाईक आहे का?

रोजच्या अडचणींवर उपाय काढून त्यासाठी भांडवल शोधणाऱ्या वाचकांची पत्रं या वेळी बरीच आली. त्यांतले चार प्रश्न.

प्रश्न : किल्ल्या हरवणं, औषधाची वेळ चुकणं, फ्रीजमधलं अन्न वाया जाणं अशा पंधरा कल्पनांची यादी केली आहे. गुंतवणूकदार कशावर पैसे लावेल हे कसं ओळखायचं?

यादीपुढे दोन रकाने आखा. या अडचणीवर लोक आज काय जुगाड करतात ते पहिल्यात, आणि त्यात पैसा किंवा वेळ किती जातो ते दुसऱ्यात. दोन्ही रकाने रिकामे राहिले तर ती ओळ खोडा. माणूस नुसता कुरकुरतो आणि काहीच करत नाही, याचा अर्थ ती अडचण त्याला चालते.

औषधाची ओळ बघा. गोळी विसरणाऱ्याला आपण विसरलो हे कळतच नाही. जीव टांगणीला लागतो तो लांब राहणाऱ्या मुलीचा, आणि पैसेही तीच देणार. म्हणजे गोळ्यांच्या डबीतला गजर दुय्यम. ‘आज डबी उघडली नाही’ हा निरोप तिला जाणं हेच खरं उत्पादन. त्यातही गोम आहे. आठवड्याच्या गोळ्या एकदम काढून ठेवणारे असतात, आणि डबी उघडून गोळी न घेणारेही. खोटे निरोप दोन-तीनदा गेले की ती मुलगी ते बघणंच सोडून देते.

नात्यागोत्याबाहेरच्या पंधरा-वीस जणांशी बोला. ‘असं काही मिळालं तर घ्याल का?’ हे विचारू नका. भिडेखातर सगळे हो म्हणतात. ‘शेवटचं असं कधी झालं? तेव्हा काय केलंत?’ एवढंच विचारा. मग माल बनवण्याआधी विकून बघा. झॅपोस या इंटरनेटवरून जोडे विकणाऱ्या अमेरिकी कंपनीच्या संस्थापकाने 1999 मध्ये दुकानांतल्या जोड्यांचे फोटो इंटरनेटवर टाकले; मागणी आली की तो दुकानात जाऊन जोडा विकत घ्यायचा आणि पाठवून द्यायचा. कोठार नाही, साठा नाही, पण लोक न घालून बघता जोडे घेतात हे सिद्ध झालं.

प्रश्न : पाण्याच्या टाकीची पातळी फोनवर दाखवणारं यंत्र केलं. दहा घरांत बसवलं, त्यांपैकी चार तीन महिन्यांत चुकीचे आकडे दाखवू लागले. आता भांडवल मागावं का?

आत्ता नाही. आधी ती चार यंत्रं उघडा.

पाण्यात बुडणाऱ्या धातूच्या सळ्या वापरल्या असतील, आणि त्यांना सतत एकाच दिशेचा विद्युतप्रवाह दिला असेल, तर विद्युत-अपघटनाने एक सळी झिजते आणि दुसरीवर थर चढतो. चांगलं स्टीलही यातून सुटत नाही. मोजण्यापुरताच, काही मिलिसेकंद प्रवाह द्या आणि दर वेळी ध्रुव उलटे करा.

वरून ध्वनिलहरी सोडणारा सेन्सर असेल तर तीन गोष्टी तपासा. झाकणाखाली दमटपणामुळे सेन्सरच्या तोंडावर थेंब जमतात. स्वस्त जलरोधक सेन्सरला जवळचे सुमारे 20 ते 25 सेंटिमीटर दिसतच नाहीत, त्यामुळे टाकी काठोकाठ भरली की आकडे भरकटतात. सेन्सर तेवढा उंच बसवा. तिसरं तापमान. आवाजाचा वेग 20 अंशांना सेकंदाला सुमारे 343 मीटर असतो आणि दर अंशाला 0.6 मीटरने वाढतो. 30 अंशांचा फरक पडला तर दोन मीटरमागे जवळपास 10 सेंटिमीटरची चूक. तापमापक जोडून हिशेब दुरुस्त करा. शिवाय पाणी पडत असताना पृष्ठभाग हलतो. पाच-सात मोजण्या घेऊन मधली धरा.

आता पैशांचं गणित. विक्रीची किंमत 100 धरा. विक्रेत्याचं कमिशन 30, सुटे भाग आणि जुळणी 35, पॅकिंग-पोचवणी 8, परत आलेला माल आणि वॉरंटी 7. उरले 20. एक गिऱ्हाईक मिळवायला जाहिरातीवर 25 गेले, तर प्रत्येक विक्रीत 5 चा खड्डा, आणि विक्री वाढली की तोही वाढतो. यावर ‘पुढे मोठ्या संख्येने बनवू, मग स्वस्त पडेल’ हे उत्तर गुंतवणूकदाराने शंभरदा ऐकलेलं असतं. त्यापेक्षा एका माणसाकडून अनेक यंत्रं खपतील असं गिऱ्हाईक शोधा: इमारतीची देखभाल पाहणारे, वसतिगृहं, टँकरवाले. तिथे टाकी रिकामी पडण्याची किंमत ठरलेली असते, आणि जाहिरातीचा एक खर्च वीस यंत्रांवर वाटला जातो.

साचा मात्र इतक्यात पाडू नका. प्लॅस्टिकच्या साच्यात नंतर बदल करणं फार महाग पडतं. पहिली शे-दोनशे यंत्रं बाजारात मिळणाऱ्या तयार खोक्यांतच बसवा. दिसायला ओबडधोबड दिसेल, दिसू दे.

प्रश्न : ड्रिल, शिडी अशी अवजारं शेजाऱ्यांनी एकमेकांना भाड्याने द्यावीत, यासाठी ॲप करतो आहे. कल्पना सगळ्यांना आवडते, वापरत कुणी नाही.

एका वस्तीत हजार घरं, त्यांतली पन्नास ॲपवर आली, प्रत्येकाला वर्षातून दोनदा अवजार लागलं. झाले शंभर व्यवहार, म्हणजे आठवड्याला दोन. एवढ्या अंतराने लागणारं ॲप माणूस विसरतो. त्यातून ड्रिल आणायला जाणं, मालक घरी असणं, पाती मोडली तर कुणी भरायची ही कटकट भाड्याहून मोठी. लोकांना ड्रिल नको असतं, फळी भिंतीवर लागलेली हवी असते. फळी लावून देणारा माणूस ठरल्या वेळी, ठरल्या दरात पाठवा. त्याला पैसे मिळतात का बघा. अवजारांचं कपाट इमारतीत ठेवणं उत्तम सामाजिक काम आहे, पण त्यावर गुंतवणुकीच्या कित्येक पट परतावा निघत नाही.

प्रश्न : कल्पना सांगण्याआधी गुंतवणूकदाराकडून गुप्ततेचा करार सही करून घ्यावा का?

पहिल्या भेटीत बहुतेक जण सही करत नाहीत. एकाच अडचणीवरचे अनेक प्रस्ताव त्यांच्याकडे येत असतात. अडचण, गिऱ्हाईक आणि आकडे मोकळेपणाने सांगा. सर्किटचा आराखडा आणि कोड देऊ नका. यंत्रात खरोखर नवं काही असेल तर जाहीर दाखवण्याआधी पेटंटचा अर्ज करा. बऱ्याच देशांत आधी जाहीर केलेल्या गोष्टीला पेटंट मिळत नाही, आणि प्रदर्शनातला स्टॉल किंवा स्वतःच टाकलेला व्हिडिओही ‘जाहीर’मध्येच धरला जातो.